स्वयंचलित गिअरबॉक्सचा ताप

क्लचचें पेडल असलेल्या गाडीचा चालक आपल्या डाव्या पायानें पुष्कळ गोष्टी जाणत असतो. घाटांत गाड्यांची रांग अडली आणि त्यानें आपली गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवली, तर थोड्याच वेळांत करपल्याचा वास येतो व चालक समजून जातो कीं, आतां हें थांबविलें पाहिजे. यंत्राला होणारा त्रास यंत्र असा स्वतःच सांगून टाकतें. गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीनें हा डावा पाय रिकामा केला. चालकाची मोठी सोय झाली, घाटांतील धांदल संपली. परंतु त्या पायाच्या वाटेनें येणारी वार्ताहि त्याबरोबर बंद झाली. घर्षण गेलें नाहीं. तें तेलांत जाऊन बसलें आणि त्याची उष्णता एका बंद पेटींत साठूं लागली. ती पेटी किती तापली आहे हें न कळतां गाडी वर्षानुवर्षें चालते, आणि एके दिवशीं थांबते ती थांबतेच.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' या एका नांवाखालीं निरनिराळ्या जातींचीं यंत्रें विकलीं जातात. ए. एम. टी. म्हणून जी स्वस्त जात लहान गाड्यांत असते, तींत नेहमींचाच कोरडा क्लच व नेहमींचाच गिअरबॉक्स असून पेडल दाबण्याचें व दांडा हलविण्याचें काम तेवढें एक लहानसें यंत्र करतें. तिला तेलाचा कूलर नको. येथें विचार करावयाचा आहे तो टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गिअरबॉक्सचा.

दोन टेबल-पंखे समोरासमोर ठेवून त्यांतील एकच चालू केला, तर दुसऱ्याचीं पातीं वाऱ्यानें फिरूं लागतात. हवेच्या जागीं तेल घ्यावें, दोन्ही पंखे एका बंद डब्यांत अगदीं जवळ आणावे, एक एंजिनाला व दुसरा चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला जोडावा, म्हणजे लोखंडाला लोखंड न लागतां शक्ति एकीकडून दुसरीकडे जाते. ही युक्ति हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. श्टेटिन येथील फुल्कान जहाज-कारखान्यांत असतांना १९०५ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें, आणि तेंहि मोटारीसाठीं नव्हे, तर जहाजाच्या टर्बाइनसाठीं. दोन चक्रांच्या मध्यें तिसरें एक चक्र ठेवून परतणाऱ्या तेलाला योग्य दिशेस वळविलें, तर गाडी सुटतांना जोर वाढवूनहि मिळतो. हाच टॉर्क कन्व्हर्टर. जनरल मोटर्सनें १९३९ सालीं ओल्ड्समोबील गाड्यांत आणलेल्या हायड्रामॅटिक गिअरबॉक्समध्यें फ्योटिंगरच्या युक्तीचें साधें रूप होतें, आणि दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यांतहि तोच गिअरबॉक्स बसविला गेला. १९४८ च्या ब्यूक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर आला आणि तेथून तो सर्वत्र पसरला.

या व्यवस्थेंत एक अटळ गोष्ट आहे. दुसरें चक्र पहिल्यापेक्षां नेहमीं थोडें मागें राहतें; तें मागें राहिलें नाहीं, तर तेल वाहणारच नाहीं. या मागें राहण्यांत जी शक्ति वांया जाते ती सगळी उष्णता होऊन तेलांत उतरते. गाडी जागच्या जागीं अडवून धरली आणि एंजिनाला जोर दिला, तर चाकांकडे कांहींच जात नाहीं व एंजिनाची सारी शक्ति तेलाला तापविण्यांत खर्च होते. हिशेब सोपा आहे. गिअरबॉक्समध्यें आठ किलो तेल आहे असें धरावें. एक किलो तेल एक अंश सेल्सिअसनें तापावयास सुमारें दोन किलोज्यूल उष्णता लागते; म्हणजे सर्व तेल एक अंश तापावयास सोळा किलोज्यूल. एंजिन ५० किलोवॅट शक्ति देत असेल, तर तेल दर सेकंदाला तीन अंशांनीं तापेल, आणि अर्ध्या मिनिटांत त्याचा तापमानांक ९० अंशांनीं चढेल! कारखान्यांच्या दुरुस्ती-पुस्तकांत या प्रकारची परीक्षा पांच सेकंदांहून अधिक वेळ करूं नये असा जो इशारा असतो, तो कांहीं उगीच भीति घालण्यासाठीं नव्हे. सपाट रस्त्यावर वेगानें जातांना मात्र ही अडचण राहत नाहीं. कन्व्हर्टरच्या आंत एक क्लच असून तो वेग आला म्हणजे दोन्ही चक्रांना एकत्र जखडून टाकतो. पॅकार्ड कंपनीनें १९४९ सालीं ही योजना केली होती आणि आज ती बहुतेक सर्व गाड्यांत आहे. जखडलेल्या स्थितींत तेल निवांत असतें. म्हणून तेल तापवितो तो लांबचा प्रवास नव्हे, तर ओझें, चढ आणि मंदगति यांचा मेळ.

तेल तापलें तर बिघडतें काय, असा प्रश्न येथें साहजिक आहे. या पेटींतील तेलाला एकाच वेळीं चार नोकऱ्या करावयाच्या असतात. तें शक्ति वाहून नेतें, झडपांतून दाब पोहोंचवून गिअर बदलतें, दात व बेअरिंगें ओलीं ठेवतें, आणि क्लचच्या चकत्यांना नेमकें हवें तेवढेंच घर्षण देतें. शेवटची नोकरी सर्वांत नाजूक आहे. पूर्वीं तिच्यासाठीं या तेलांत स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल मिसळीत असत. १९७० सालीं अमेरिकेनें त्या देवमाशास संकटांत असलेल्या प्राण्यांच्या यादींत घातलें, आणि रसायनशास्त्रज्ञांना दुसरी सोय पाहावी लागली. त्यानंतरच्या आरंभींच्या तेलांपैकीं एकानें गाड्यांच्या कूलरांतील डाखकामच खावयास सुरुवात केली, तेव्हां तेंहि सुधारावें लागलें. इतक्या खटपटीनें बनलेलें हें तेल उष्णतेपुढें हळूहळू हार खातें. तापमान दहा अंशांनीं वाढलें कीं तेल सडण्याचा वेग ढोबळ मानानें दुप्पट होतो. मिस्त्री लोकांचा जुना अंदाज असा कीं, ८० ते ९५ अंश ही सुखाची जागा. १०५ च्या वर झडपांवर वार्निशासारखा थर धरूं लागतो. ११५ च्या पुढें रबरी सीलें कडक होतात. १३० च्या आसपास चकत्या घसरूं लागतात. आणि १४५ गांठलें कीं सील व चकत्या दोन्ही जळतात. आजचीं कृत्रिम तेलें याहून कांहींशीं सोशिक आहेत, तरी उतरंड तीच आहे. नवें तेल बहुधा तांबडें व पारदर्शक असतें. भाजलेलें तेल काळसर होतें व त्याला करपट वास येतो. परंतु डिपस्टिकवर हा वास येईपर्यंत वेळ टळून गेलेली असते.

गाडी बनविणाऱ्यांनीं याचा विचार केलेला नसतो असें नव्हे. नेहमींची योजना अशी कीं, रेडिएटरच्या थंड बाजूच्या टाकींत एक लहान नळी किंवा चपटा डबा बसवितात आणि गिअरबॉक्सचें तेल त्यांतून फिरवितात. बाहेरून रेडिएटरचें पाणी तेलाची उष्णता घेतें. हिचा गुण असा कीं, थंडीच्या सकाळीं हेंच पाणी तेलाला ऊब देतें. दोष असा कीं, पाण्यापेक्षां थंड तेल हिच्याकडून कधींच मिळत नाहीं, आणि चढावर एंजिनाचें पाणीहि त्याच वेळीं तापलेलें असतें. अंतर्यामीं दुसराहि एक धोका आहे. आंतील भिंत कुजली किंवा जोड फुटला, तर पाणी तेलांत शिरतें आणि तेलाचें गुलाबी ताकासारखें मिश्रण होतें. २००५ ते २०१० च्या काळांत बनलेल्या एका प्रसिद्ध जपानी कंपनीच्या दणकट गाड्यांत हा प्रकार इतका घडला कीं, अमेरिकेंत त्यावर दावे चालले. क्लचच्या चकत्यांवरील कागदी थर ज्या चिकट द्रव्यानें पोलादावर बसविलेला असतो तें पाण्यापुढें टिकत नाहीं. मग गिअरबॉक्स उघडून बांधण्यावांचून गत्यंतर नसतें.

ओझें, चढ व उष्णता यांचा मेळ पाहावयाचा, तर अमेरिकेंतील अॅरिझोना प्रांतांत कोलोरॅडो नदीवरील डेव्हिस धरणाशीं जावें. धरणाजवळील बुलहेड शहराकडून पूर्वेस जाणारा ६८ क्रमांकाचा रस्ता अठरा किलोमीटरांत सुमारें ९०० मीटर चढतो, आणि तोहि वाळवंटांतून. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या एस. ए. ई. या संस्थेनें २००८ सालीं 'जे २८०७' हा नियम केला. तोंपर्यंत आपली गाडी किती वजन ओढते हें प्रत्येक कारखाना स्वतःच्या मर्जीनें सांगत असे, आणि मर्जी उदार असणारच. या नियमांतील उष्णतेची कसोटी डेव्हिस धरणाच्या याच चढावर आधारलेली आहे: हवा निदान ३८ अंश तापलेली, गाडीचें वातानुकूलन पूर्ण चालू, मागें जाहीर केलेलें सर्व वजन, आणि सामान्य गाडीचा वेग ताशीं ६४ किलोमीटरांच्या खालीं यावयाचा नाहीं. २०११ च्या गाड्यांना टोयोटानें हा नियम प्रथम लावून घेतला. आतां हिशेब पाहावा. गाडी व मागची कॅरॅव्हॅन मिळून पांच टन वजन त्या वेगानें वर न्यावयास, हवा व रस्ता यांचा विरोध धरून, सुमारें ६० ते ७० किलोवॅट लागतात. कन्व्हर्टर मोकळा राहून त्यानें यांतील दहावा भाग जरी गिळला, तरी सहा-सात किलोवॅट झाले. म्हणजे न्हाणीघरांतील तीन मोठे गीझर तेलांत सोडून सतरा मिनिटें चालू ठेवावे, तितकी ही उष्णता. कुटुंबासह सुटीला निघालेला मनुष्य या चढावर गिअरबॉक्स जाळून बसला, तर त्याची सुटी व वर्षाची शिल्लक दोन्ही तेथेंच संपतात, आणि वाळवंटांत मुलाबाळांना घेऊन मदतीची वाट पाहावी लागते ती निराळीच.

म्हणून अशा गाडीचे मालक वेगळा कूलर बसवितात. तथापि या ठिकाणीं बहुतेकांकडून क्रम चुकतो. ते आधीं कूलर विकत घेतात आणि मीटर 'पुढें कधीं तरी' म्हणून ठेवतात. ज्वर मोजल्यावांचून काढा देण्यासारखें हें आहे. तापमापक मीटर आधीं बसवावा, नेहमींच्या ओझ्यासह नेहमींच्या चढावर महिनाभर कांटा पाहावा, आणि मग ठरवावें. कित्येक गाड्यांना कूलरची गरजच नाहीं असें आढळून येईल. कित्येकांत चालकानें डी वर न राहतां खालचा गिअर धरला, तर गिअरबॉक्सची वर-खालीं होणारी ओढाताण थांबून कन्व्हर्टर जखडलेला राहतो व कांटा स्वतःच उतरतो; हें शिक्षण पैसा न लागतां मिळतें, पण मीटर असेल तरच. गाडींतील तांबड्या दिव्यावर भिस्त ठेवण्यांत अर्थ नाहीं. तो लागतो तेव्हां आग लागल्याची वर्दी येते, धुराची नव्हे. नव्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या आंत तापमानाचा सेन्सर बहुधा असतोच, आणि गाडीच्या संगणकाच्या जोडणींत एक छोटें यंत्र खुपसून तो आंकडा वाचतां येतो. तेथें कांहींहि कापावें लागत नाहीं.

जुन्या गाडींत सेन्सर कोठें बसवावा हा वादाचा विषय आहे, आणि वाद होतो तो बहुधा दोन पक्ष दोन निरनिराळ्या गोष्टी मोजीत असल्यामुळें. कूलरकडे जाणाऱ्या नळींत सेन्सर बसविला, तर कन्व्हर्टरमधून निघालेलें ताजें तापलेलें तेल कळतें. कांटा तेथें चढावर झपकन वर जातो व सपाटीवर तितक्याच लवकर उतरतो. गिअरबॉक्सच्या तळाची जी तेलाची परात, जिला मिस्त्री 'पॅन' म्हणतात, तींत सेन्सर बसविला, तर सर्व तेलाची सरासरी कळते. आणि झडपा, सील व चकत्या यांना हेंच तेल मिळत असतें. नळींत क्षणभर १२० दिसले, तर घाबरण्याचें कारण नाहीं. पॅनमध्यें १२० दिसले, तर गाडी बाजूस घ्यावी, गिअर पार्कमध्यें टाकावा आणि एंजिन बंद न करतां मंद चालूं द्यावें, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील. ज्याला एकच सेन्सर बसवावयाचा आहे त्यानें पॅन निवडावा हें बरें. त्यासाठीं पॅन काढून त्याच्या बाजूला भोंक पाडावें व आटे असलेली बुशी वेल्ड करून घ्यावी. भोंक पाडण्यापूर्वीं आंतील फिल्टर व झडपांचा ठोकळा सेन्सरच्या टोकाला लागणार नाहीं, आणि बाहेरून दगडाचा मार बसणार नाहीं, हें पाहून ठेवावें. एकाच तारेच्या सेन्सरला परतीचा विद्युत्-मार्ग आट्यांतूनच मिळतो. तेथें टेफ्लॉन टेपचे वेढ्यावर वेढे दिले, तर अर्थ तुटतो व मीटर खोटें सांगूं लागतो. दुसऱ्या कंपनीचा सेन्सर जोडल्यानेंहि तेंच होतें. बसविण्यापूर्वीं सेन्सर उकळत्या पाण्यांत धरून व त्याच्या अंगाला अर्थची तार जोडून कांटा १०० च्या जवळ येतो किंवा कसें हें पाहून घ्यावें. समुद्रसपाटीच्या गांवीं याहून स्वस्त कसोटी नाहीं.

मीटरनें कूलरची गरज दाखविली, तर मग कूलर. वांकविलेल्या नळीवर पत्र्याचे पंख चढविलेला प्रकार स्वस्त असतो. चपट्या पोकळ पट्ट्या एकावर एक रचलेला प्रकार महाग, पण त्याच जागेंत बरीच अधिक उष्णता बाहेर टाकणारा. कूलर रेडिएटरच्या पुढें, बोटभर अंतर सोडून, पोलादी पट्ट्यांवर बसवावा. रेडिएटरच्या जाळींतून प्लॅस्टिकच्या काड्या आरपार ओंवून तो लटकविण्याची एक सोपी रीत पाकिटांत फुकट मिळते. ती वापरूं नये. हादऱ्यानें त्या काड्या जाळीच्या नळ्या घासतात, आणि तेल वांचवितां वांचवितां पाणी गळूं लागतें. कूलरचीं तोंडें वर किंवा बाजूला असावींत, म्हणजे आंत हवा कोंडत नाहीं. तेल गिअरबॉक्समधून प्रथम रेडिएटरच्या टाकींत, तेथून नव्या कूलरमध्यें व मग घरीं परत, असा मार्ग ठेवणें सामान्यतः योग्य. कारण शेवटचा हात हवेचा लागला पाहिजे. दोन नळ्यांपैकीं परतीची कोणती हें तर्कानें ठरवूं नये. टाकीपाशींचा एक जोड सोडून टाकीचें तोंड व नळी यांखालीं वेगवेगळीं भांडीं धरावींत व एंजिन दोन-तीन सेकंदच चालवावें. तेल टाकीच्या तोंडांतून आलें, तर सोडलेली नळी परतीची. पंप कोरडा पडतां कामा नये.

होज पाइपच्या बाबतींत काटकसर करणारा मनुष्य सर्वांत महाग पडतो. पाइप गिअरबॉक्सच्या तेलासाठीं व उष्णतेसाठीं बनविलेलाच हवा. पेट्रोलचा किंवा पाण्याचा पाइप कांहीं महिन्यांत मऊ पडून निसटतो. धातूच्या नळीच्या टोकाला फुगवटी असावी, गुळगुळीत टोकावर नुसती क्लिप आवळूं नये. एक पाइप निसटला कीं पंप सगळें तेल रस्त्यावर ओतून टाकतो, आणि मग तो कूलर नसता तर बरें झालें असतें असें म्हणण्याची पाळी येते.

मोठ्यांत मोठा कूलर घ्यावा ही समजूतहि तपासून पाहण्यासारखी आहे. कॅनडासारख्या देशांत हिंवाळ्यांत तेल तापण्याऐवजीं गोठल्यासारखें जड राहतें. तें ऊबदार होईपर्यंत बहुतेक गाड्या कन्व्हर्टर जखडूं देत नाहींत, आणि गिअर उशिरा पडतो. तेथें तेल थंड असतां कूलरला वळसा घालून नेणारी थर्मोस्टॅटची झडप बसवितात. आपल्या कोंकणांत तिची गरज नाहीं. हिमाचलाच्या हिंवाळ्यांत आहे. उलट, ऑस्ट्रेलियांतील क'गारी बेटाच्या मऊ वाळूंत गाडी इतकी मंद चालते कीं, कूलरवर वाराच येत नाहीं. तेथें विजेचा स्वतंत्र पंखा लावल्याखेरीज नुसत्या आकारमानाचा उपयोग नाहीं.

कूलर व पाइप यांत मावणारें तेल वर भरावें लागतें. गाडी सपाटीवर उभी करून, तेल तापल्यावर, एंजिन चालू ठेवून, कारखान्यानें सांगितलेल्या गिअरमध्यें पातळी पाहावी. खुणेच्या वर तेल गेलें, तर फिरतीं चाकें तें घुसळतात, फेस होतो आणि फेसाला दाब धरतां येत नाहीं; तुटवड्याइतकाच अतिरेकहि वाईट. पुष्कळ नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. तेथें खालची बुची काढून, तेल कारखान्यानें सांगितलेल्या ठराविक अंशांवर असतांना, तें नुसतें ठिबकूं लागेल इतकें ठेवावयाचें असतें. हें काम तापमान वाचतां आल्याशिवाय होतच नाहीं. पहिल्या लांब प्रवासानंतर गाडीखालीं कोरा पुठ्ठा रात्रभर पसरून ठेवावा. सकाळीं त्यावर तांबडा ठिपका दिसला, तर त्याच्या बरोबर वर कोणता जोड आहे तें पाहून तो पुन्हां बसवावा.